जड अंगाच्या माणसाने मासेमारीची कयाक कशी निवडावी

माझं वजन ११८ किलो, उंची ५ फूट ११ इंच. कुडाळला मोटारी आणि पंप बांधायचं माझं वर्कशॉप आहे. घर वालावलच्या बाजूला, कर्ली खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. सुट्टीच्या दिवशी पहाटे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान होडी, पाण्यात घालायची आणि कांदळवनाच्या कडेने गरवत, म्हणजे गळाने मासे धरत बसायचं, हे गेली सहा वर्षं चालू आहे. एवढ्या काळात तीनदा कयाक बदलली. आता ओळखीची, बिनओळखीची जाड माणसं फोटो पाठवून विचारतात, "माझं वजन एवढं, मला ही चालेल का?" फोटो बघून हे सांगता येत नाही. काय मोजायचं आणि काय करून बघायचं, ते सगळं एकदा सविस्तर लिहितो.

माझी पहिली कयाक जुनी घेतलेली होती. दहा फूट लांब, २८ इंच रुंद. ती किती ओझं पेलते ते सांगणाऱ्या तिच्यावरच्या पट्टीवर १३६ किलो लिहिलेलं. मी ११८, म्हणजे सामानाला १८ किलो शिल्लक, असा माझा हिशोब. नोव्हेंबरातली सकाळ होती, ओहोटी नुकतीच लागलेली. एक बरी तांबोशी लागली, ती सीटमागच्या टोपलीत टाकायला कमरेतून मागे वळलो आणि क्षणात पाण्यात गेलो. लाइफ जॅकेट अंगावर होतं, पोहता येत होतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. पण वर चढता येईना. चार वेळा प्रयत्न केला. दर वेळी काठावर छाती टेकवली की कयाक माझ्याच अंगावर उलटायची. ओहोटीने अर्धा किलोमीटर तरी वाहत नेलं. शेवटी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, मारणाऱ्या एका होडीवाल्याने काठाला लावलं.

त्या दिवशी मला समजलं की स्थिर कयाक म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. ती सहज उलटणार नाही ना, हा पहिला. आणि उलटली तर या वजनाचा मी तिच्यावर परत चढू शकेन का, हा दुसरा. विकणारे पहिल्याबद्दलच बोलतात. माझ्या मते जड माणसासाठी दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

आधी काट्यावर चढा

पट्टीवरचा आकडा म्हणजे कयाक कशीबशी किती ओझं पेलेल याची शेवटची हद्द. तेवढं भरलं तर ती तरंगते, पण काठ पाण्याला टेकायला येतो, सीटखालच्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी वर येतं आणि वल्हं मारताना कयाक मढ्यासारखी जड वाटते. आपलं एकूण ओझं त्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे, असा माझा नियम आहे.

हे एकूण ओझं अंदाजाने काढू नका. मी सगळं सामान भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून मोजलं. मी ११८. कपडे आणि बूट २, लाइफ जॅकेट १, वल्हं १, काढता येणारी सीट ४, पिण्याचं पाणी ४, बर्फासकट पेटी १०, दोन रॉड आणि गळांचा डबा ४, नांगर आणि दोर ३, सुरी-पक्कड-फोन-डबा मिळून १, आणि देवाने दिलेच तर मासे ८. बेरीज १५६ किलो. त्याला ०.७ ने भागलं की २२३ येतात. म्हणजे मला सव्वादोनशे किलोंच्या पुढची कयाक हवी होती आणि मी १३६ ची घेऊन बसलो होतो. परदेशी बनावटीच्या कयाकवर हा आकडा पौंडांत असतो. ५०० पौंड म्हणजे २२७ किलो.

पट्टीवरचा आकडा सीट धरून लिहिलाय की सोडून, हेही विचारा. चार किलो थोडे वाटतात, पण सीट उंचावर असते आणि उंचावरचं ओझं जास्त त्रास देतं.

रुंदी

रुंदी वाढली की स्थिरता किती वाढते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कयाक एका बाजूला कलली की त्या बाजूचा भाग जास्त बुडतो आणि पाणी तिला परत वर ढकलतं. ही ढकलण्याची ताकद पाण्याच्या रेषेवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २८ इंचांवरून ३५ इंचांवर गेलं तर रुंदी सव्वापट होते, पण इतर सगळं सारखं धरलं तर ही ताकद जवळजवळ दुप्पट होते. उलट आपलं वजन वाढलं की कयाक खोल बसते, काठ खाली येतो आणि त्यातच जाड माणसाचं बरंचसं वजन कमरेच्या वर असतं. म्हणून ६५ किलोंचा मित्र ज्या कयाकवर आरामात उभा राहतो, तिच्यावर तुम्ही बसूनही डगमगता. तोल सांभाळता न येण्याशी याचा संबंध नाही.

शंभर किलोंच्या पुढच्या माणसाने ३४ इंचांच्या, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या, खाली जाऊ नये. माझी आताची ३५ इंच रुंद आणि १२ फूट लांब आहे. ३६-३७ इंचांच्याही मिळतात. त्या ओट्यासारख्या घट्ट असतात, पण वल्हवताना हात काठावर आपटतात, आणि वल्हं २५० ते २६० सेंटिमीटर लांब घ्यावं लागतं. लांबी दहा फुटांची असेल तर रुंदी असूनही जड माणसाखाली कयाक मागून बसते. म्हणून मी साडेअकरा ते तेरा फूट सांगतो.

लिहिलेली रुंदी बहुधा सगळ्यात रुंद जागेची असते. काही कयाकचा काठ वर बाहेर पसरलेला असतो आणि पाण्याच्या रेषेवर ती तीन-चार इंच अरुंद असते. टेप घेऊन जा आणि तळापासून चार बोटं वर मोजा.

माझे मामा देवबागचे, जन्म रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यात गेलेला. पहिल्या कयाकचं रडगाणं त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाच्या, होडयेक उलांडी कित्याक लावतत? होडी रुंद करूक गावणा नाय म्हणान." खोडातून कोरलेली होडी झाडाएवढीच रुंद. म्हणून दोन वाकड्या दांड्यांवर बाजूला लाकूड बांधून रुंदी उसनी घ्यायची. आपल्याकडच्या दर्यावर्दींनी हे कधीच सोडवून ठेवलेलं आहे.

तुमच्याकडे अरुंद कयाक आधीच असेल तर हाच उपाय करता येतो. मी ११० मिलिमीटरच्या पाइपचे मीटर-मीटरभराचे दोन तुकडे दोन्ही टोकांना बूच मारून लावले होते. असा एक तुकडा नऊ लिटरच्या आसपास पाणी सारतो, म्हणजे पूर्ण बुडाला तरी उचल नऊ किलोंची, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. ऐंशी सेंटिमीटर बाहेर धरला तर तेवढीही पुष्कळ कामाची ठरते. पण तो कांदळाच्या मुळांत अडकतो, मासा कयाकखालून पलीकडे गेला की दोरी त्यात गुंतते, आणि मुख्य म्हणजे कयाकची ओझं वाहायची ताकद काही वाढत नाही. ज्याला नवीनच घ्यायची आहे त्याने सरळ रुंद घ्यावी.

तळ कसा हवा

दुकानात कयाक उलटी करून तळ बघा. सपाट तळाची कयाक शांत पाण्यात पाटासारखी बसते. पण ती लाटेच्या उताराला चिकटून कलते, आणि एका मर्यादेनंतर अचानक पलटते. मधे खोल आणि बाजूंना गोलसर तळ असेल तर ती बसल्या बसल्या थोडी हलते, पण कलली की आपणहून सावरते. तिसरा प्रकार दोन समांतर कण्यांचा, मधे पन्हळीसारखी पोकळी असलेला. जड माणसाला, खाडीत, उभं राहून गरवायचं असेल तर मला हा सगळ्यात आवडतो. वाऱ्याविरुद्ध तो संथ चालतो, ते मी पत्करलं आहे.

ज्याला भोगवे-निवतीच्या बाजूला उघड्या समुद्रात जायचं आहे त्याने निव्वळ सपाट तळ घेऊ नये.

आत बसायच्या, कमरेभोवती बंद असलेल्या कयाकचा विचारही करू नका. मोठ्या मांड्या आत अडकतात, आणि उलटली की ती पाण्याने भरते. वर बसायचीच घ्या.

सीट आणि पुढचा-मागचा तोल

सीट ॲल्युमिनियमच्या चौकटीची, जाळीच्या कापडाची, निदान ५० सेंटिमीटर रुंद हवी. प्लास्टिकच्या खोबणीतल्या पातळ गादीवर तासाभरात पाठ धरते. बऱ्याच सीटना वर आणि खाली अशा दोन उंची असतात. वरची बसून मजा येते, दूरचं पाणी दिसतं, उठायला सोपं जातं. पण १०-१५ सेंटिमीटर वर गेलात की तोल चांगलाच बिघडतो. खालच्या उंचीवर बसून जी कयाक घट्ट वाटत नाही ती घेऊ नये. वरच्या उंचीचा लाभ मग मिळाला तर मिळाला.

सीट पुढे-मागे सरकवता येते का, हे मी सगळ्यात आधी विचारतो. कारखान्यात सीटची जागा ७५-८० किलोंच्या माणसाला धरून ठरवलेली असते असं मला वाटतं, कारण आपण बसलो की कितीतरी कयाकची शेपटी दबते आणि नाक वर उचललं जातं. मग वारा नाकाला धरतो आणि ती सरळ चालतच नाही. सीट चार बोटं पुढे घेतली, बर्फाची पेटी पायांपुढे ठेवली की फरक लगेच जाणवतो. मामांचं म्हणणं, "जड वस्तू खाली घाल, मधी घाल. वर कित्याक टांगतंस?" तेही माझ्या रॉड-होल्डरांच्या उंच चौकटीकडे बघून म्हणाले होते. ती मी काढून टाकली.

पायाने चालवायच्या कयाकबद्दल खूप विचारणा होते. हात मोकळे राहतात आणि जाड माणसाच्या खांद्यांना आराम मिळतो, हे खरं. होबी कंपनीने १९९७ साली माशाच्या परांसारखे दोन पंख हलवणारं पेडल आणलं. उथळ पाण्यात ते पंख कयाकच्या तळाला चिकटवून ठेवता येतात. दुसरा प्रकार फिरत्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा. त्याच्या पेडलने मागे जाणं सोपं, पण पुळणीवर किंवा कुर्ल्यांच्या जाळ्याच्या दोरीत तो अडकतो. एक गोष्ट मात्र बसूनच तपासा. गुडघा वर येताना पोटाला लागतो का? माझा लागत होता. म्हणून मी वल्ह्यावर राहिलो.

परत चढणं

हे मी दर वर्षी गणपती झाले की एकदा करून बघतो, आणि तुम्ही विकत घेण्याआधी करा.

उलटी कयाक आधी सुलटी करावी लागते. चाळीस किलोंची ३५ इंची कयाक पाण्यात लोळवणं सोपं नसतं. पलीकडच्या काठाला हात पोहोचत नाही, म्हणून पलीकडच्या हँडलला एक दोर बांधून ठेवायचा, तो तळावरून ओढून घ्यायचा, गुडघे जवळच्या काठावर टेकवायचे आणि मागे झुकायचं. सुलटी झाली की सीटच्या बाजूला या. पाय खाली लोंबकळत ठेवून वर खेचू नका, तिथेच मी चार वेळा फसलो. आधी पाय पोहल्यासारखे मारून शरीर पाण्यावर आडवं करायचं. मग एक हात जवळच्या काठावर आणि दुसरा पलीकडे टाकून, पाय मारत मारत, पोटावर सरपटत कयाकवर आडवं यायचं. बेंबी मधोमध आली की थांबा, श्वास घ्या. मग अंग उताणं फिरवून ढुंगण सीटवर, आणि शेवटी पाय आत.

हातांत तेवढी ताकद नसेल तर पायासाठी फास करा. इंचभर रुंदीच्या पट्ट्याचा फास, पाण्यात गुडघ्याच्या थोडा खाली येईल असा. तो जवळच्या काठाला बांधलात तर त्यावर पाय देताच कयाक तुमच्या अंगावर येईल. पट्टा पलीकडच्या काठाला बांधून कयाकच्या खालून आपल्या बाजूला घ्यायचा. काहींना शेपटीकडून, घोड्यावर बसल्यासारखं सरपटत येणं जमतं. शेपटी बुडते, पण कयाक आडवी उलटत नाही. दोन्ही करून बघा. सीटची चौकट, रॉडची होल्डरं छातीला आडवी येत असतील तर ती जागा बदला, नाहीतर ती कयाक सोडा.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत एक गैरसमज सगळीकडे आहे. माणूस जाड म्हणून जास्त तरंगवणारं जॅकेट लागतं असं नाही. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं वर ठेवायला चार-पाच किलोंची जादा उचल पुरते, आणि ५० न्यूटनचं जॅकेट तेवढी देतं. आपला प्रश्न मापाचा असतो. छातीचा घेर मोजून घ्या, पट्टे पूर्ण आवळले जातील असं घ्या, खांद्याला धरून कोणालातरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकत असेल तर ते तुमचं नाही. पर्यटकांना देतात ती नारिंगी ढगळ जॅकेटं घालून वल्हवता येत नाही आणि पोटावर सरपटताही येत नाही.

पाण्यात तपासणी

अष्टमीच्या आसपास, भांगेच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असते. भरती थांबलेली असताना, कमरेएवढ्या पाण्यात, वाळूच्या तळावर ही तपासणी करा. कालवं लागलेले खडक आसपास नसावेत. सोबत एक माणूस हवाच.

सामानाऐवजी वाळूची गोणी वजन करून घ्या आणि ठेवा. बसा, दहा मिनिटं काही करू नका. भोकांतून पाणी वर येऊन सीटखाली साचलं तर कयाक तुमच्यासाठी लहान आहे. तिथे बुचं मारून पाणी थांबवता येतं, पण मग वरून आलेलं पाणीही आतच राहतं. सोबत्याला अगदी आडव्या बाजूने फोटो काढायला सांगा. नाक-शेपटीतला फरक बसल्या जागी कळत नाही, फोटोत चटकन दिसतो. आता दोन्ही पाय एकाच बाजूला पाण्यात सोडून बसा. कमरेतून वळून मागची टोपली गाठा. एका बाजूला वाका आणि कोपर पाण्यात बुडवा, मोठी चोणक लागली की नेमकं हेच करावं लागतं. मग जमलं तर उभे राहा. शेवटी मुद्दाम पडा आणि परत चढा, एकदा ताजेतवाने असताना आणि एकदा दमल्यावर.

एवढं करू देणारा विक्रेता आपल्या किनाऱ्यावर सहसा मिळत नाही, कयाक बहुतेक वेळा मुंबईहून किंवा गोव्याहून येते. मग तसलीच कयाक असलेला माणूस शोधा. कोकणातली माणसं एक सकाळ नाही म्हणत नाहीत. पैशांची अडचण असेल तर दोघांच्या कयाकमध्ये मधे सीट लावायची सोय आहे का ते बघा. तिची वहनशक्ती बरीच असते आणि एकट्या जड माणसाला ती छान पुरते. मधे सीट लागत नसेल तर मात्र नाद सोडा, मागे बसून नाक आभाळाकडे जातं.

हवा भरायच्या कयाक पुष्कळ रुंद आणि खरोखर स्थिर असतात. मी तरी घेणार नाही. कालवांची धार, शिंगाळ्याचा काटा, आपलाच गळ, यातलं काही ना काही लागतंच. जाड प्लास्टिकची साच्यात भाजलेली कयाक ओरखडे खाते आणि टिकते. ती उन्हात टाकू नका, दोन पट्ट्यांवर टांगून ठेवू नका, उन्हाळ्यात मधे वाकते. माझी मांगरात, म्हणजे घराजवळच्या खोपीत, कुशीवर उभी असते.

वजनाचा विचार आधीच करा. माझी सीट सोडून ४१ किलोंची आहे. शेवाळलेल्या धक्क्यावरून ती एकट्याने उतरवणं धोक्याचं, म्हणून मी चाकांचा गाडा वापरतो. भोकांत दांडे घालायचा गाडा घेऊ नका. सामानासकट ओढला की भोकाच्या कडेला तडा जातो. खालून आधार देणारा, पट्ट्याने बांधायचा गाडा बरा. पुळणीसाठी चाकं रुंद हवीत.

रुंद कयाकचं एक देणं लागतं, ते वाऱ्याच्या वेळी फेडावं लागतं. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि ओहोटीसोबत तुम्हाला देवबागच्या संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, अलगद नेतो, तेव्हा काही कष्ट वाटत नाहीत. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो. ओहोटी बाहेर आणि वारा आत अशी गाठ पडली की संगमावर लाटा आखूड आणि उभ्या होतात, सपाट रुंद कयाक तिथे आडवी फिरते. मी ओहोटीच्या शेवटी खाली जातो आणि भरतीबरोबर वर येतो, दहाच्या आत. ओढीच्या पाण्यात नांगर कधीही बाजूच्या काठाला बांधत नाही. नाकाला किंवा शेपटीला, आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने, शिवाय सुरी छातीवर. बाजूला बांधलेला नांगर कितीही रुंद कयाक ओहोटीत उलटवतो. पावसाळ्यात लोंढा असेपर्यंत मी पाण्यात जात नाही.

कयाक घरी आली की पहिले दोन दिवस गळ घरीच ठेवा. फक्त पडा आणि चढा. तिसऱ्या दिवशी रॉड घ्या, एकच, आणि टोपली मागे न ठेवता पायांपुढे ठेवा.